पोरांच्या गोष्टी मी छापायला का देत नाही: तुम्ही विचारलंत म्हणून

केंद्रप्रमुख विचारतात, शेजारच्या शाळेतले सर विचारतात, नणंद पुण्यावरून फोन करून विचारते. परवा शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी तिघीजणींनी मिळूनच घेरलं, की मॅडम तुमच्या चौथीची पोरं वह्या भरभरून गोष्टी लिहितात तर त्या कुठं दिसत का नाहीत. स्पर्धेला नाही, पुस्तिकेला नाही, ग्रुपवर साधा फोटोसुद्धा नाही. एकजण तर म्हणाली की फोटो नाही म्हणजे उपक्रम झालाच नाही. मी दरवेळी "बघू पुढच्या वर्षी" म्हणून सटकते. आता सांगूनच टाकते एकदाचं.

पहिली गोष्ट, मी आळशी नाही. दर शनिवारी शेवटचे दोन तास आम्ही गोष्टी लिहितो, आणि ते बसवायला मला तीन वर्षं लागली. स्कॉलरशिप २०१६-१७ ला चौथीवरून पाचवीला गेली तेव्हा चौथीच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं, त्या मोकळ्या वेळात मी हे सुरू केलं. सुरुवातीला काय यायचं ते तुम्हाला माहीतच आहे. मुद्द्यांवरून गोष्ट लिहून लिहून पोरांचा हात तसाच वळलेला, प्रत्येक गोष्टीत एक गाव, गावात एक आळशी मुलगा, शेवटी त्याला चूक कळते आणि खाली अधोरेखित करून तात्पर्य. मी म्हणायचे स्वतःची लिहा, तर पोरं गाव बदलायची, तात्पर्य तेच.

मग एक दिवस वैतागून म्हणलं, गोष्ट राहू द्या, मला एक थाप मारा. मोठी थाप. वर्ग एकदम गप्प. एकाने हळूच विचारलं, "मॅडम, मारनार न्हाई ना?" नाही म्हणलं. मग जी सुटली पोरं! एकाने लिहिलं की आमच्या बोअरला दूध लागलं, पप्पा कॅन भरून डेअरीला घेऊन गेले, डेअरीवाल्याने फॅट लावली तर शून्य आली, म्हणून भाव पाण्याचा मिळाला. नऊ वर्षांचं पोरगं हो. सगळीकडे 'पान्याचा' लिहिलेलं, ण कुठेच नाही, आणि मी लाल पेन हातात घेऊन नुसती हसत बसले. ण आपण सोमवारी बघू म्हणलं. (सोमवारी बघितला पण, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम शुद्धलेखन घेतच नाहीत.)

एवढं चांगलं चाललेलं असताना मग काय झालं, तर मी झाले.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर, दिवाळीनंतर गेले की पाडव्याच्या आगेमागे परत, ही आजीपाशी. आमच्या बीडकडं असली घरं सांगायला लागत नाहीत, अर्धा पट तसाच आहे. डिसेंबरात तिने एक गोष्ट लिहिली. बापाने मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतली आणि एका रात्रीत पत्त्यात घालवली, मग लाजेने घर सोडून गेला. आई एकटीच उसाच्या फडात गेली. आता कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकटं माणूस गेलं की मुकादम अर्धा कोयता लिहितो. तर हिच्या गोष्टीत मुकादमाने वहीत अर्धा कोयता लिहिला आणि आईच्या हातातला कोयता खरोखरच अर्धा झाला. आणि त्या अर्ध्या कोयत्याला बोलता यायला लागलं. रात्री कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, तो आईला म्हणायचा, माझं उरलेलं अर्धं कुठंय मला ठावं हाय, चल. मग ते दोघं हुडकत निघाले, ट्रॅक्टरला विचारलं, उसाच्या मोळीला विचारलं, आणि शेवटी ते अर्धं सापडलं साखरेच्या पोत्यात.

परत एकदा वाचा, मी थांबते.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्यासाठी तालुक्याला कथालेखन स्पर्धा होती, मर्यादा एक पान. हिची गोष्ट अडीच पानं. मी कापायला बसले आणि काय कापलं सांगू? बोलणारा कोयता कापला. ट्रॅक्टर, मोळी, साखरेचं पोतं सगळं कापलं. तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की पोरांनी आपला अनुभव लिहावा. डी.एड.ला असताना कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांच्या सृजन आनंद शाळेबद्दल ऐकलं होतं, त्यातला 'अनुभव' हा एक शब्द तेवढा मी उचलला आणि पुढची सगळी वर्षं तोच मिरवला. मला वाटलं बाप, उचल, पत्ते, एकटी आई हा हिचा अनुभव, आणि कोयत्याचं बोलणं म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनचं काहीतरी. भाषा पण प्रमाण करून टाकली. आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, "आईच्या हातातला कोयता मात्र थांबत नाही."

पहिला नंबर आला. परीक्षकांनी स्टेजवरून नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं, माझं. म्हणाले किती वास्तवदर्शी, या वयात केवढी समज. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मुलीने बक्षीस घेतलं, कंपासपेटी आणि प्रमाणपत्र, आणि खाली येऊन मला एवढंच विचारलं, "कोयता बोलला न्हाई का मॅडम?" मी म्हणलं जागा नव्हती बाळा.

पुस्तिका निघाली. नाव, इयत्ता, शाळा, गाव, सगळं छापून. कोणीतरी त्या पानाचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, अभिमानानेच टाकला असणार. आणि तो ग्रुप फडातल्या फोनवर पण होता ना.

पाडवा होऊन चारपाच दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खात बसलेली आणि तिचे वडील आले. मला वाटलं भांडायला आलेत, मी मनात उत्तरं जुळवायला लागले. ते वर्गात आलेच नाहीत, बाहेर ओट्यावर बसले, चप्पल काढून. या म्हणलं तर म्हणाले हितंच बरं हाय. खिशातून ते पान काढलं, चार घड्या पडलेलं, घामाने मऊ झालेलं, कोणीतरी पुस्तिकेतून फाडून दिलं असावं. ते माझ्यापुढे धरलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, मला पत्ते खेळायलाच येत न्हाईत."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी काहीतरी बोलत सुटले, ती कल्पना आहे, कथा आहे, बक्षीस मिळालंय. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले की टोळीत सगळे हसतेत, मुकादम म्हणला पुढल्या साली उचल द्यायची का न्हाई इचार करावा लागंल, तू तर पत्त्यात घालितो. आणि पोरीची आई दोन दिवस बोलली न्हाई, तिला वाटलं पोरीला म्याच कायतरी सांगितलं आसंल. मग पानाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं, आणि जाताना मलाच म्हणाले, "पोरीला मारू नका बरं का."

त्या दिवशी मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं की असं का लिहिलंस गं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, म्हणजे मॅडमला एवढं कसं कळत नाही. "तुम्हीच म्हनल्या ना थाप मारा."

तर कोयता राहिला असता ना, तर ती गोष्ट राहिली असती. बोलणाऱ्या कोयत्याच्या गोष्टीतला बाप कोणाचाही बाप नसतो. मी कोयता काढला आणि मागं उरलं ते एका माणसाच्या नावावर, गावावर गेलं. शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या पोराने लिहिलं असतं की बाबांनी सगळे पैसे जुगारात घालवले, तर लोक म्हणाले असते काय इमॅजिनेशन आहे. आमच्या पोरीने लिहिलं की वास्तव. म्हणजे आमच्या पोरांनी फक्त भोगायचं आणि सांगायचं, रचायचं नाही? आणि हे त्या परीक्षकांच्या आधी मी केलं, जिला ती पोरगी जूनपासून माहीत होती.

बरं, त्या वेळची मी काही अगदीच वाईट नव्हते. पट तेवीसवर आलेला, तो आणखी घटला की काय होतं हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सांगायला नको, शाळेचं नाव चार लोकांत झालं तर बरं असं वाटलेलं. हे खरंय. पण पेपरात माझाही फोटो आला होता, आणि ते कात्रण मी लॅमिनेट करून घेतलं होतं, हेही खरंच आहे.

आणि अजून एक, जे मी कोणाला बोलले नव्हते. मधूनच मनात येतं की माणूस शाळेत येऊन खोटंही बोलू शकतो. पत्ते येत असतील. मग लगेच स्वतःचीच लाज वाटते, कारण ते खरं का खोटं हे मला कशाला पाहिजे? आता वर्गात नियमच केलाय, गोष्ट ऐकल्यावर खरं का हे विचारायचं नाही, मी पण नाही. तरी मारहाण, उपाशी राहणं असलं काही वाचलं की मी गुपचूप चौकशी करतेच, आजीला भेटून येते, नको करू का? या नियमाला आणि त्या चौकशीला एकत्र कसं नांदवायचं ते मला अजून जमलेलं नाही.

म्हणून आता वह्या कपाटात असतात. वाचायच्या तर वर्गात, ज्याची गोष्ट त्याने वाचायची, नाहीतर नको म्हणायचं. कापाकापी बंद. बाहेर काही जात नाही. एका सरांनी मला सुनावलं की एका बापामुळे तुम्ही वीस पोरांचं नाव छापून यायचं अडवताय. मी त्यांच्याशी भांडले. रात्री झोप लागली नाही.

ती मुलगी त्यानंतर मुद्द्यांवरूनच गोष्टी लिहायला लागली, तात्पर्यासकट, सुवाच्य अक्षरात. पाचवीला हायस्कूलला गेली. आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात स्टँडवर भेटली, उंच झालीय, मीच ओळखली नाही. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, मॅडम ती पुस्तिका आहे का हो तुमच्याकडं, आमच्यातली हरवली, माझं नाव होतं त्यात.

मी म्हणलं बघते. तिची खरी अडीच पानं त्याच वर्षी उन्हाळ्यात बाकीच्या वह्यांबरोबर रद्दीत गेली, वर सांगितलेलं सगळं मी आठवून लिहिलंय. पुस्तिकेच्या मात्र दोन प्रती आहेत माझ्याकडे. त्यातली एक पर्समध्ये ठेवलीय, महिना झाला, तिच्या हायस्कूलवरून रोज जाते.