शब्दवही: 'डिअर'ने अडवलेला महिना

जुन्या इंग्रजीतल्या रानप्राण्यांच्या नावांची माझी वही या महिन्यात फारशी पुढे सरकली नाही. नवे शब्द सहाच मिळाले. पण त्यातल्या एकाने आधीचं अख्खं पान खोडायला लावलं.

तो शब्द 'डिअर'. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात वेडाचं सोंग घेतलेला एडगर सांगतो, सात वर्षं उंदीर, घुशी आणि 'स्मॉल डिअर' खाऊन काढली. मी समासात 'पाडस' लिहून मोकळा झालो होतो. साफ चूक! जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर. जर्मन 'टिअर' आजही त्याच अर्थाने चालतो. इंग्रजीत मात्र तो आकसत हरणापुरता उरला. पान खोडताना एकदम 'मृग' आठवला. आपल्याकडेही हेच झालंय की! वेदात मृग म्हणजे रानातलं जनावर, हत्तीसुद्धा 'मृग हस्तिन्', म्हणजे हात असलेलं जनावर. मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड, मृगया म्हणजे शिकार, या शब्दांनी तो जुना अर्थ अजून धरून ठेवलाय, एकटा मृग तेवढा हरीण झाला. रात्री उशिरापर्यंत हीच दोन पानं शेजारी ठेवून बसलो होतो.

बाकीचे पटकन सांगतो. 'ब्रॉक' म्हणजे बॅजर, शब्द मूळचा केल्टिक. 'टॉड' म्हणजे कोल्हा, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा. 'पार्ड' म्हणजे बिबट्या. 'अर्चिन' म्हणजे काटेरी हेजहॉग. 'रेनार्ड' हे कथेतल्या कोल्ह्याचं नाव. फ्रेंचमध्ये तेच इतकं रुळलं की कोल्ह्याचा जुना शब्द 'गूपिल' मागे पडला.

सशाचं पान मात्र आधीपासूनच भरलेलं, आता पुन्हा वाचलं. तेराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची एक कविता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या हस्तलिखितात आहे. ससा आडवा आला तर हातातलं खाली ठेवायचं आणि त्याची 77 नावं घ्यायची. एक नाव 'कातड्याच्या शिंगांचं हरीण'. लांब कान डोळ्यांपुढे उभे राहतात! आणि एक, 'ज्याचं नाव घ्यायला कुणी धजत नाही ते जनावर'. यातल्या 'जनावर'साठी मूळ शब्द 'देर', म्हणजे आपला डिअरच. हे आधीच्या वाचनात निसटलं होतं.

माझी आजी तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेऊ द्यायची नाही. परड्यात 'जनावर' निघालं, एवढंच म्हणायची. वहीत त्या ओळीसमोर आता आजीचा शब्द लिहून ठेवलाय.