'डोळे मिटा' म्हणण्याआधी

आपल्याकडचे योगवर्ग सुरू होतात तेच आज्ञार्थाने. डोळे मिटा, शरीर सैल सोडा, विचार येऊ देऊ नका. बहुतेकांना यात काही वावगं वाटत नाही. पण ज्या शरीरावर कधीतरी दुसऱ्याची मर्जी चालली आहे, त्याला हीच वाक्यं जड जातात. डोळे मिटले की दार दिसत नाही. अंग सैल सोडलं की पळता येत नाही.

अमेरिकेत ब्रुकलाइन इथे योगशिक्षक डेव्हिड एमर्सन आणि मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी अत्याचारासारखा आघात सोसलेल्यांसाठी योगाची निराळी रीत बसवली. २०१४ साली तिची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ६४ स्त्रिया होत्या, उपचार घेऊनही पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मनोविकार, न हटलेल्या. आठवड्याला एक तास, असे दहा आठवडे. योग केलेल्या ३१ पैकी १६ जणी शेवटी पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या. आरोग्याची माहिती देणाऱ्या वर्गात बसलेल्या २९ पैकी ६. अभ्यास छोटा आहे, आणि योग तिथे उपचारांच्या जोडीला होता, हे विसरून चालणार नाही.

या रीतीत आसनं साधीच असतात. बदलते ती शिकवणाऱ्याची भाषा. 'हात वर घ्या' ऐवजी 'हात वर नेऊन बघता येतील, किंवा मांडीवरच राहू देता येतील.' 'जमत नसेल तर मांडीवर ठेवा' असं मात्र नको. त्या 'जमत नसेल' मध्ये नापासाचा शेरा दडलेला असतो. दोन्ही पर्याय सारख्याच तोलाचे वाटले पाहिजेत. 'वा, छान!' हेही टाळावं; आघात सोसलेली माणसं समोरच्याला खूश ठेवण्यात आधीच तरबेज असतात. आणि पाठीमागून येऊन खांदा सरळ करायचा नाही. विचारूनही नको, कारण 'नाही' म्हणणं हेच तर त्यांना अवघड जातं.

सुरुवात खुर्चीवर करावी. हात नसलेली, न डुगडुगणारी खुर्ची, पाठीशी भिंत, दार नजरेच्या टप्प्यात. पाय टेकत नसतील तर खाली सतरंजीची घडी. आधी टाचा जमिनीत दाबायच्या, तीन-चार श्वास, मग सोडायच्या. दाबताना पोटऱ्यांत काही जाणवतं का, एवढंच बघायचं. काहीच जाणवलं नाही तरी चालतं; बधिरपणा सुरुवातीला बऱ्याच जणांना असतो. मग श्वास घेताना खांदे कानांकडे, सोडताना खाली. मग बसल्या बसल्या पाठीचा कणा किंचित गोल, किंचित सरळ. हेच मार्जारासन, फक्त ओणवं न होता. ओणवं होणं, उताणं झोपून गुडघे फाकवणं, सेतुबंध, हे सगळं पुढच्यासाठी राखून ठेवावं. काहींच्या बाबतीत कायमचं. वीस मिनिटं पुरे.

श्वासाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. कपालभाती आणि भस्त्रिका इथे नकोत. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती धडधडते. घाबरल्यावरही नेमकं हेच होतं, त्यामुळे शरीर धोक्याची घंटा वाजवतं. कुंभकाचंही तसंच: कोंडलेला श्वास म्हणजे गुदमरणं. त्यापेक्षा श्वास सोडणं थोडं लांबवावं, उदाहरणार्थ चार आकड्यांत घेऊन सहात सोडणं. आकडे मोजताना कोंडल्यासारखं झालं, तर मोजणी सोडून नुसतं 'म्म्म' असं गुणगुणावं. भ्रामरीत झाकतात तसे कान-डोळे झाकायची गरज नाही.

शवासनाला दिवा मालवायचा नाही. दोन मिनिटं, कुशीवर किंवा खुर्चीतच, डोळे उघडे ठेवून चालतं. हवी असल्यास पांघरायला चादर.

वर्गात रडणारा माणूस लगेच दिसतो, गोठलेला दिसत नाही. नजर एका जागी खिळलेली, श्वास उथळ, हालचाली यंत्रासारख्या अचूक: पाहणाऱ्याला वाटतं, किती एकाग्र! अशा वेळी समोरून, हात न लावता, नावाने हाक मारावी. पाय जमिनीला टेकले आहेत का, खोलीत निळं काय काय दिसतंय, असं साधं विचारावं, पाणी पुढे करावं. काय आठवलं, हे खोदू नये. 'रडून मोकळी हो' हा सल्ला योगशिक्षकाच्या कामाचा नाही.

झोप उडत असेल, जुनी दृश्यं दिवसाही डोळ्यांपुढे येत असतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर आसनं बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.