उजवा हात, डावा डोळा

सापडलं एकदाचं! दीड महिना लेकीच्या ज्या पॉइंट टू-टू रायफलीला शिव्या घातल्या, तिचा काही दोषच नव्हता.

मागच्या वेळी लिहिलं होतं तेच रडगाणं चालू होतं: वीस यार्डांवरची कागदी ताटली, आणि लेकीच्या गोळ्या कधी डाव्या काठाला, कधी थेट मातीच्या बांधात. आधी मी लांबीला धरलं. त्या जुन्या सिंगल-शॉट (एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या) रायफलीचा दस्ता साडेतेरा इंच, तिला हवा साडेअकरा. करवत घेतली, दोन इंच उडवले. बंदूक खांद्याला झकास बसली, फोटो झकास आला, नेम तिथेच. मग पीप साइट, म्हणजे नेम धरायचं बारीक भोक, फिरवून झाली, काडतुसं बदलून झाली. शेवटी बाईसाहेब वैतागल्या, "बाबा, मला त्या भोकातून काही दिसतच नाही."

तेव्हा कुठे बंदूक सोडून मी तिच्याकडे बघितलं. गाल दस्त्यावरून उचललेला, मान पार उजवीकडे कललेली. डावा डोळा भोकासमोर आणायची धडपड! दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करायला लावला, त्यातून लांबच्या फाटकावरचं कुलूप बघत हात चेहऱ्याकडे आणायला सांगितले. तिन्ही वेळा त्रिकोण डाव्या डोळ्यावर. लिहायला उजवा हात, बघायला डावा डोळा. एक डोळा मीट म्हणावं, तर नऊ वर्षांच्या पोरीचे दोन्ही मिटतात आणि ती खिदळायला लागते.

चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी चिकटपट्टी लावून बघितली. चालतं. पण पुढेमागे शॉटगनने उडता पक्षी टिपायचा तर दोन्ही डोळे उघडे हवेत. म्हणून रविवारी खांदाच बदलला, उजव्याचा डावा. पहिल्या पाच गोळ्या देवाला, पुढच्या दहातल्या आठ ताटलीत, त्यातल्या तीन तर एका क्वार्टरच्या नाण्याखाली झाकतील! ताटली फ्रिजवर लावली आहे.

आता बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायचा दांडा, उलट्या बाजूला आला. कापलेलं लाकूड गेलं वाया. डावखुरी सॅव्हेज रॅस्कल ही पोरांची रायफल घेणार. वजन तीन पौंडांच्या आत, आणि बोल्ट उचलला की ती आपोआप कॉक होते, म्हणजे झाडायला तयार. क्रिकेट नावाच्या पोरांच्या दुसऱ्या रायफलीत त्यासाठी गुंडी हाताने वेगळी ओढावी लागते. काही बाप त्यालाच सुरक्षितता म्हणतात. मला पटत नाही. आत काडतूस असताना ती गुंडी घामट बोटांतून निसटलेली मला बघायची नाही.

फोर-टेन या बारीक नळीच्या शॉटगनचा बेतही रद्द. हलकी म्हणून पोरांना देतात, पण त्या अडीच इंची काडतुसात छर्रे फक्त अर्धा औंस. पोराला शिकवायला नव्हे, मुरलेल्या हाताला शोभणारं हत्यार ते. दोन वर्षं थांबून जरा रुंद नळीची ट्वेंटी गेजच बरी, सौम्य काडतुसांसह. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: मॉसबर्ग पाचशे या पंप शॉटगनची सेफ्टी (चुकून बार उडू न देणारी कळ) वर, अंगठ्याखाली असते. डाव्या खांद्याला तीच सोयीची! म्हणजे पंप बघायला हरकत नाही.

विस्कॉन्सिनात खारींचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो. शिकाऊ शिकाऱ्याचा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून मी हाताच्या अंतरावर असायलाच हवा. काडतूस मी देणार, तेही एकेक. घरी बंदूक कुलपात आणि बोल्ट दुसऱ्या कुलपात. कपडे मात्र ती ठरवणार: इथे शिकाऱ्याने लांबून दिसावं म्हणून घालायच्या भडक भगव्याऐवजी 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. खारीच्या शिकारीला एरवी त्याची सक्ती नाही, पण जाकीट आधीच आलंय.

खरी अडचण साताऱ्याची. आजी फोनवर म्हणाली, "अरे, तिच्या पाठीवर रामाची बोटं आहेत." नात म्हणाली, "आजी, इथल्या करड्या खारीला पट्टेच नाहीत." पट्टे चिपमंकला असतात, त्याला हात लावायचा नाही, हे लगेच ठरलं. आजी जरा वेळ गप्प. मग विचारलं, "मग रस्सा करता की सुकं?"