तुम्ही विचारलंत म्हणून: गुरूचे पट्टे खरे का?

"हे पट्टे कॉम्प्युटरवर रंगवलेत ना?" मी दुर्बिणीतून काढलेला गुरू ग्रहाचा फोटो दाखवला की हा प्रश्न येतोच. शंका रास्त आहे. त्याच दुर्बिणीला डोळा लावलात तर गुरू नुसता थरथरताना दिसतो.

ती थरथर हवेची. म्हणून मी सुटा फोटो काढतच नाही, दोनेक मिनिटांचा व्हिडिओ घेतो. एकेक फ्रेम काही मिलिसेकंदांची, अशा हजारो. हवा क्षणभर स्थिरावते तेव्हाच्या फ्रेम तेवढ्या नितळ, बाकी गाळ. ऑटोस्टॅकर्ट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यांची प्रतवारी लावतं. वरच्या वीसेक टक्के ठेवायच्या, एकमेकींवर बसवून सरासरी काढायची. ग्रह प्रत्येक फ्रेममध्ये तोच, पण कॅमेऱ्याचा दाणेदारपणा दर वेळी वेगळा. त्यामुळे 2,500 फ्रेम एकत्र आल्या की तो पन्नासाव्या हिश्शावर येतो. इथवर पदरचं काहीच घातलेलं नाही, उलट बहुतेक माल टाकून दिलाय.

गोम पुढे आहे. असं स्टॅक झालेलं, म्हणजे फ्रेम एकमेकींवर रचून बनलेलं, चित्र स्वच्छ, पण बोथट असतं. रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे (बारीक तपशील ठळक करणारे) स्लायडर सरकवले की पट्ट्यांच्या कडा, लाल डाग उठून येतात. इथंच हात आवरायला हवा. जरा जास्त ओढलं की ग्रहाच्या कडेलगत आत एक खोटी रेघ उमटते (मंगळाला तर हटकून) आणि ढगांवर नसलेली जाळी चढते. लोकांना नेमका तोच फोटो आवडतो, हा भाग वेगळा!

मूळ व्हिडिओच चांगला असला तर स्लायडर ओढावा लागत नाही. जानेवारी 2026 च्या प्रतियुतीला (म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा) गुरू मिथुन राशीत होता, साताऱ्यातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. म्हणजे मधली हवा कमीत कमी. तरी तारे फार लुकलुकत असले, म्हणजे हवा अस्थिर असली, तर दुर्बीण बाहेर काढण्यात अर्थ नसतो, आकाश कितीही लख्ख असो. शिवाय उन्हात तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते, त्यानंही हवा थरथरते.

खरंखोटं पडताळायचं तर वीस मिनिटांनी दुसरा व्हिडिओ घ्यायचा आणि तो वेगळा प्रोसेस करायचा. गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे वीस मिनिटांत 12 अंश. पहिल्या फोटोतला ठिपका दुसऱ्यात तेवढाच सरकलेला दिसला, तर तो गुरूवरचा. दिसलाच नाही, तर बहुधा माझ्या स्लायडरचा. तसले फोटो मी कुणाला दाखवत नाही.