‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे नेमके किती?

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर पातलीपाड्याजवळ वाहतूक तुंबलेली असताना पुढचा टेम्पो मागे आला आणि माझ्या गाडीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला. बंपर फाटला, हेडलाइट फुटला, फेंडर आत गेला. चालक खाली उतरला, नुकसान पाहिले, “साहेब, फुल इन्शुरन्स असेल ना?” असे विचारले आणि सिग्नल सुटताच निघून गेला. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तोच विचार आला होता आणि त्यामुळे मी फारसा चिडलोही नाही. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजचे बिल त्रेचाळीस हजारांचे झाले, त्यातले १४,७५० रुपये माझ्या खिशातून गेले, आणि ‘फुल’ हा शब्द पॉलिसीत कुठेच छापलेला नसतो हे मला चार वर्षांत पहिल्यांदाच कळले. त्या रात्री मी पॉलिसीची सगळी पाने प्रथमच वाचली.

आपण ज्याला फुल म्हणतो त्या पॅकेज पॉलिसीत मुळात दोन निरनिराळे करार एकत्र बांधलेले असतात. पहिला थर्ड पार्टीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे आणि तो नसताना गाडी रस्त्यावर आणल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा त्याला इजा झाली, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी देते आणि तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. या भागाचा हप्ता कोणतीही कंपनी आपल्या मनाने ठरवू शकत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तो १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढच्या गाडीला ७,८९७ रुपये असा सरकारने बांधून दिलेला आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त पडेल’ असे कोणी सांगितले, तर तो स्वस्ताई दुसऱ्याच कुठल्या तरी भागातून काढतो आहे असे समजावे.

दुसरा करार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा. अपघात, आग, चोरी, पूर, दंगल, वाहून नेताना झालेले नुकसान हे सारे यात येते, आणि कंपन्यांची चढाओढ, सवलती, ॲड-ऑन (जादा हप्ता भरून घ्यायचे जोड-संरक्षण), बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) हा सगळा खेळ याच भागात चालतो.

इथे एक साहजिक प्रश्न पडतो, आणि तो मलाही पडला होता: चूक टेम्पोवाल्याची असताना त्याच्या थर्ड पार्टीतून माझे नुकसान का भरून निघू नये? कायद्याने ते निघू शकते. पण त्यासाठी गाडीचा क्रमांक, पोलिसांतली नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, एवढी वाट चालावी लागते. बंपर आणि हेडलाइटसाठी ती कोणी चालत नाही. म्हणून समोरच्याची चूक असूनही आपण आपल्याच पॉलिसीवर क्लेम करतो आणि आपलाच बोनस घालवतो. हा अन्याय आहे असे माझे मत आहे, पण तो मुकाट्याने गिळण्याची आपल्याला सवय झालेली आहे.

आता त्या १४,७५० रुपयांचा हिशेब मांडतो, कारण पॉलिसीतला सर्वांत महागडा शब्द त्यात लपलेला आहे. तो शब्द म्हणजे घसारा. जुना भाग काढून नवा बसवला की तुमच्या गाडीची किंमत तेवढी वाढली असे कंपनी धरते, आणि ती वाढ तुमच्याकडून वसूल करते. प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर, एअरबॅग यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा लागतो. फायबरवर ३० टक्के, तर काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाबरोबर वाढत जातो: पहिले सहा महिने शून्य, मग वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५ आणि पाचपर्यंत ३५ टक्के. माझी गाडी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. बंपरचे १२,००० आणि हेडलाइटचे ९,००० असे २१,००० रुपये प्लास्टिकचे, त्यातले १०,५०० माझे. फेंडर आणि आतला पत्रा मिळून ८,००० रुपये, त्यातले २,००० माझे. रंगकामाचे १०,००० झाले, त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्याच्या निम्मे म्हणजे १,२५० माझे. मजुरीचे ४,००० मात्र पूर्ण मिळाले. त्यावर सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतःच सोसायची ठरावीक रक्कम, १,००० रुपये. ही वजावट १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,००० असते आणि ती प्रत्येक क्लेमला नव्याने लागते. पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरने एका रुपयाचीही लबाडी केलेली नव्हती. मी वाचले नव्हते, एवढेच.

हाच घसारा टाळणाऱ्या ॲड-ऑनला झिरो डेप किंवा बोलीभाषेत ‘बंपर टू बंपर’ म्हणतात. तो असता तर माझे हजार रुपयेच गेले असते. पण त्यालाही कुंपण आहे. बऱ्याच कंपन्या तो गाडी पाच वर्षांची होईपर्यंतच देतात, वर्षाला साधारण दोनच क्लेमना लागू करतात, आणि टायर किंवा बॅटरी त्यातूनही वगळलेली असू शकते. आजच्या गाड्यांना पुढून, मागून, बाजूने एवढे प्लास्टिक असते की शहरात चालणाऱ्या पाच वर्षांखालच्या गाडीला मी हा ॲड-ऑन जवळजवळ आवश्यक मानतो. आणि घोडबंदरच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: खड्ड्यात नुसता टायर फाटला आणि गाडीला दुसरे काहीच झाले नाही, तर साध्या पॅकेज पॉलिसीत त्याचा एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी टायरचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

पाण्याची गोष्ट याहून बिकट आहे आणि ती मला माझ्या मेहुण्यामुळे कळली. तो नवी मुंबईतल्या कळंबोलीत राहतो. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली भराव घालून वसवलेला आहे, आणि जोरदार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. त्यासाठीच सिडकोने ते पाणी तात्पुरते साठवणारे धारण तलाव बांधले. तरीही मेहुण्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका पहाटे गुडघाभर पाणी शिरले. गाडी उंचावर न्यावी म्हणून त्याने स्टार्टर मारला. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले, पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन अडकला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. पूर हा पॉलिसीत असलेला धोका आहे, म्हणून गालिचे, सीट, वायरिंग यांची भरपाई त्याला मिळाली. इंजिनाची मात्र मिळाली नाही, कारण कंपनीचे म्हणणे असे की पाणी शिरणे हे पुराचे नुकसान, पण इंजिन मोडणे हे गाडी चालू केल्याचे, म्हणजे त्यातून उद्भवलेले दुय्यम नुकसान, आणि दुय्यम नुकसान मूळ पॉलिसीतून वगळलेले असते. या एका कारणासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचा ॲड-ऑन असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता हे ज्यांना आठवते, त्यांना त्याचे महत्त्व पटवावे लागणार नाही. अर्थात ॲड-ऑन असला तरी पाण्यातली गाडी चालू करायची नसतेच. बॅटरी सोडवून टोईंगला फोन करावा.

आयडीव्ही (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू) हा शब्द एजंटांच्या तोंडी फार असतो. चोरी झाली किंवा गाडी पूर्णच निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देते ती आयडीव्ही. तिचा पाया शोरूमची किंमत असतो. नोंदणी, रस्ता कर, विमा असे ऑन-रोड किमतीतले बाकीचे काहीही त्यात नसते. सहा महिन्यांपर्यंत तीतून ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के उतरवतात. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून आकडा ठरवतात. आठ लाखांची गाडी चौथ्या वर्षात असेल, तर तिची आयडीव्ही ४,८०,००० होते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे, म्हणजे इथे ३,६०,००० च्या वर गेला, की गाडी टोटल लॉस धरली जाते. कर्ज शिल्लक असेल तर त्या पैशांवर पहिला हक्क बँकेचा. वेबसाइटवर हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढून दाखवतात. तुलना करताना सर्व कंपन्यांची आयडीव्ही एकाच आकड्यावर आणून मगच हप्ते पाहावेत. नव्या गाडीला रिटर्न टू इनव्हॉइस नावाचा ॲड-ऑन घेता येतो, तो आयडीव्ही आणि बिलातली किंमत यांच्यामधली दरी भरून काढतो.

नो क्लेम बोनसकडे वळतो, कारण माझी दुसरी चूक तिथे होता होता राहिली. एक वर्ष क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. मी ३५ वर होतो आणि डिसेंबरमध्ये ४५ वर जाणार होतो. क्लेम केल्यामुळे शून्यावर आलो. माझा ओन डॅमेजचा मूळ हप्ता नऊ हजारांच्या घरात आहे. तो तेवढाच राहील असे धरले, तर पहिल्या वर्षी ४,०५०, दुसऱ्या वर्षी ५० आणि २० मधल्या फरकाचे २,७००, मग २,२५०, १,३५० आणि ४५० असे पाच वर्षांत १०,८०० रुपये जातात. हप्ता दरवर्षी थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात नऊएक हजार धरा. त्रेचाळीस हजारांच्या बिलाला ही किंमत परवडली. पण त्याआधी आरशाच्या बावीसशे रुपयांसाठी मी क्लेम करायला निघालो होतो आणि गॅरेजवाल्यानेच मला परत पाठवले होते, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेतले तर तो नव्या गाडीवर चढवता येतो. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले, तर मात्र तो बुडतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने विक्रेत्याचा बोनस आपल्याकडे आला असे समजू नये, आणि ओन डॅमेजचा भाग चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा.

एक तपशील बहुतेक घरांत दुर्लक्षित असतो. सक्तीचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण ‘मालक-चालक’ अशा एकाच व्यक्तीला असते. मी माझी म्हणतो ती गाडी कागदोपत्री पत्नीच्या नावावर आहे आणि ती बहुतेक वेळा मी चालवतो. म्हणजे मी चालवताना काही झाले तर त्या पंधरा लाखांपैकी मला काहीही मिळणार नाही. शेजारच्या काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मुलाच्या नावावरच्या गाडीची पॉलिसी त्याच संध्याकाळी काढून पाहिली.

सीएनजीच्या बाबतीतही अशीच ढिलाई दिसते. बाहेरून बसवलेल्या किटची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे लागते. किटच्या किमतीवर साधारण चार टक्के जादा ओन डॅमेज हप्ता आणि थर्ड पार्टीचे साठ रुपये पडतात. तेवढे वाचवून मोठा क्लेम वादात ढकलणारे लोक माझ्या ओळखीत आहेत.

कंपनीशी वाद झालाच, तर आधी तिच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी, आणि महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

या डिसेंबरमध्ये नूतनीकरण करताना मी झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट घेतले. आधी झिरो डेप नव्हता म्हणून कंपनीने माणूस पाठवून गाडीचे फोटो काढले. ऐच्छिक वजावट वाढवून हप्ता कमी करण्याचा पर्याय सोडला, कारण अडीच हजारांच्या वजावटीवर मिळणारी सूट साडेसातशे रुपयांच्या पुढे जात नाही. ऑइल, नट-बोल्ट, कूलंट यांसाठीचा कन्झ्युमेबल्सचा ॲड-ऑनही घेतला नाही. तेवढा खर्च मी सोसू शकतो. एकूण हप्ता आधीपेक्षा वाढला, आणि एजंटने फोनवर नेहमीप्रमाणे “फुल करून दिलंय, साहेब” असे सांगितले.