पुरते नऊ वार

मामेभाऊ न्यू जर्सीला नोकरीला लागला तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात साहेबाने त्याला सांगितलं, रिपोर्टमध्ये काही गाळू नकोस, मला 'द होल नाइन यार्ड्स' हवेत. भाऊ सांगतो, 'मला तर आपली आजीच दिसली रे, काष्टा घालून मीटिंगला आलेली!'

शब्दशः 'पुरते नऊ वार', म्हणजे अथपासून इतिपर्यंत, साग्रसंगीत सगळं. पण नऊच वार का? यावर अमेरिकेत पैजा लागाव्यात इतक्या कथा आहेत. कोणी सांगतं, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ वार लांब असायचा. तो अख्खा शत्रूवर रिकामा केला की झाले 'होल नाइन यार्ड्स'. कोणी काँक्रीटच्या गाडीत नऊ घनवार माल भरतं, तर कोणी स्कॉटिश माणसाच्या घागऱ्याचं कापड मोजतं. मीही मनातल्या मनात आजीचं लुगडं पुढे केलं होतं. मुळात आपला 'वार' म्हणजेच त्यांचा यार्ड!

पण जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्यांनी सगळ्यांचीच हवा काढली. इंडियाना राज्यातल्या मिचेल नावाच्या गावात १९०८ साली छापून आलंय की रॉस्को मासे पकडून आलाय, त्याच्याकडे मोठी थोरली कहाणी आहे, आम्ही काही ऐकायला थांबणार नाही. सापडेल कोणी बापडा, त्याला तो पुरते नऊ वार ऐकवेल. तेव्हा कसलं महायुद्ध आणि कसली मशीनगनची विमानं! मला हा रॉस्को फार ओळखीचा वाटतो. आमच्या गावात तो पारावर बसायचा.

पुढची गंमत केंटकी राज्यातली. १९१२ साली माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट या एकाच पक्षातल्या दोघांचं बिनसलं. तिथल्या एका वर्तमानपत्राने मिटक्या मारत लिहिलं, भांडण तापू द्या, मग हे एकमेकांचे पुरते सहा वार बाहेर काढतील. सहा! म्हणजे नऊवारी आणि सहावारी दोन्ही चालू होत्या. तिकडे पुढे सहावारी मागे पडली आणि नऊवारी टिकली. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. आकड्याचं तेवढं मनावर घ्यायचं नसतं, असं मला आता वाटतं.

आजीला मात्र हे पटलं नसतं. ती दुकानात लुगड्याचं टोक नाकाला लावायची, हात ताणून बोटापर्यंत एक वार, पुन्हा नाक, पुन्हा बोट. दुकानदार अवघडून बघत राहायचा. 'आठ वार अन् वर वीतभर,' एकदा तिने निकाल दिला. तो म्हणाला, 'आजी, याला नऊवारीच म्हणतात.'

'म्हणा की,' आजी लुगडं घडी घालत म्हणाली, 'पण पैसे आठाचे देईन.'