वल्ह्याच्या पात्याचा पीळ

घरी बनवलेलं एक वल्हं दुरुस्तीला आलं. तक्रार अशी की जोरात ओढलं की पातं हातात वळतं. आधी आकार तपासला, कारण दांड्याच्या दोन बाजूंना क्षेत्रफळ कमीजास्त असेल तरी असंच वाटतं. कागदावर पातं गिरवून मधोमध घडी घातली. दोन्ही अर्धं तंतोतंत जुळलं. म्हणजे पातंच पिळवटत होतं.

६ मिमी प्लायवूड, रुंदी १८ सेंमी, दोन्ही अंगांना रेझिननं (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) बसवलेलं, दर चौरस मीटरला २०० ग्रॅमचं काचकापड, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड. दांडा व्हाइसमध्ये पकडून टोकाच्या एका कोपऱ्याला २ किलो टांगले. दोन कोपऱ्यांच्या उंचीत ९ मिमी फरक! कापड असूनही एवढा का, ते पॉलिश पेपर मारल्यावर दिसलं: धागे उभे-आडवे होते.

रुमाल धाग्याच्या दिशेनं ओढा, ताणत नाही. कोपऱ्यातून तिरका ओढा, लगेच ताणतो. पात्याला पीळ बसतो तेव्हा ताण नेमका तिरका येतो आणि उभे-आडवे धागे तो फारसा घेत नाहीत. कापडाच्या थरातला बहुतेक भार नुसत्या रेझिनवर.

हॉट एअर गननं तापवून जुना थर खरवडला. नुसत्या प्लायवर फरक १६ मिमी आला. कडा ३ मिमी त्रिज्येनं गोल केल्या. धारदार कडेवर कापड बसत नाही, खाली हवा राहते. नवं कापड ४५ अंशांत कापलं. कापायच्या रेषेवर आधी मास्किंग टेप लावायची, नाहीतर कड उसवते.

खरी गफलत इथे होते. तिरकं कापड ओढलं की लांबतं, अरुंद होतं आणि ४५ अंश बिघडतात. म्हणून ते नळीवर गुंडाळून पात्यावर उलगडलं, ब्रशनं फक्त थोपटलं. रेझिन कापडाच्या वजनाइतकंच, जास्तीचं प्लास्टिकच्या पट्टीनं काढून टाकलं. दोन्ही अंगांना सारखाच थर हवा. एकाच अंगाला दिला तर पातं वाकडं होतं.

तिरके धागे वाकण्याला कमी विरोध करतात, पण इथे दांड्याचा कणा पात्यात टोकाजवळपर्यंत जातो, त्यामुळे चाललं. कणा नसता तर आणखी एक उभा-आडवा थर दिला असता.

आठवड्यानं, रेझिन पुरतं कडक झाल्यावर, त्याच कोपऱ्याला तेच वजन: ५ मिमी. कापड तेवढंच, वजनही जवळपास पूर्वीइतकंच.